सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला : लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

परतूरसारख्या तालुक्याच्या गावात जुनी गाडी सांभाळायची म्हणजे दोन गोष्टी जवळ लागतात. एक पान्यांचा डबा आणि दुसरी चिकाटी. गाडी पंधरा-वीस वर्षांची झाली की तिची दुखणी मालकाला तोंडपाठ होतात. सकाळी सेल्फ मारला तर बॅटरीचे टर्मिनल आधी बघायचे. मिसिंग होत असेल तर प्लग काढून घासायचा. फॅन बेल्ट चिरकायला लागला की तो तुटायच्या आत बदलायचा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावाला असतं. तिथपर्यंत गाडी ढकलत नेण्यापेक्षा बॉनेट उघडून आपणच डोकं घातलेलं बरं, असा सरळ हिशेब असतो.

पण खोलून बघायची ही सवय आपल्याकडं मोटारगाडीबरोबर आलेली नाही. त्याच्या आधी लोकांनी विहिरीवरची इंजिनं खोलली. हँडल मारून इंजिन सुरू होईना, की पाइपात हवा धरली का, डिझेलमध्ये कचरा आला का, नोझल चोंदलं का, हे शेतकऱ्याची पोरं बघता बघता शिकली. पुढं त्यातलीच काही गाड्यांचे मेकॅनिक झाली.

यातल्या कित्येक इंजिनांवर एक नाव ओतलेलं असायचं, किर्लोस्कर.

हे नाव ज्या माणसामुळं घरोघरी पोचलं, त्याच्याकडं इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्याला व्हायचं होतं चित्रकार. त्याचा पहिला धंदा होता सायकली विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू खोलायची, समजून घ्यायची, नीट करायची आणि मग तशी स्वतः बनवायची, या एका वाटेनं तो माणूस आयुष्यभर चालत राहिला.

ही गोष्ट आहे लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांची.

रंग दिसेनात, पण रेघ सरळ होती

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे आणि याच किर्लोस्कर घराण्यातले. म्हणजे एका घराण्यानं महाराष्ट्राला नाटकही दिलं आणि नांगरही.

लहानपणी लक्ष्मणरावांचं शाळेत मन रमलं नाही. त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, चित्रं काढणं आणि यंत्रांशी खेळणं. त्या काळी यातल्या कुठल्याच नादाला घरात किंमत नसायची. चांगल्या घरातला मुलगा म्हणजे शिकून सरकारी नोकरीत चिकटणार, हे ठरलेलं. पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं गेली आणि घात झाला. लक्ष्मणरावांना काही रंग ओळखता येत नाहीत, त्यांना अंशतः रंगांधळेपणा आहे, हे लक्षात आलं. चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर पुढं काय?

इथं दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांची चित्रं काढायला रंग लागत नाहीत. ते यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंगचे सहायक शिक्षक झाले.

आता यांत्रिक ड्रॉइंगमध्ये एवढं काय असतं, असं वाटेल. साध्या चित्रात वस्तू कशी दिसते ते दाखवतात. यांत्रिक ड्रॉइंगमध्ये वस्तू कशी आहे ते दाखवावं लागतं. एकच भाग वरून, समोरून आणि बाजूनं काढायचा. मधून कापला तर आत काय दिसेल तेही काढायचं. कुठलं भोक किती खोल, कुठला दांडा किती जाड, सगळं मापासकट. असं चित्र काढण्यासाठी आधी तो भाग डोक्यात खोलून पुन्हा जोडावा लागतो. ज्याला हे जमलं त्याला न उघडलेल्या यंत्राच्या आत काय चाललंय याचा अंदाज बांधता येतो.

नोकरी शिकवण्याची होती, पण लक्ष्मणराव मोकळ्या वेळात कारखान्यांतही काम करायचे. फळ्यावर काढलेलं यंत्र प्रत्यक्षात कसं चालतं, कुठं झिजतं, कुठं अडतं, हे त्यांना हातानं कळायला लागलं.

१८८८ : तीन देश, तीन दुरुस्त्या

याच काळात मुंबईत लक्ष्मणरावांनी पहिल्यांदा सायकल पाहिली. दोन चाकांवर माणूस बसतो आणि पडत नाही, हेच तेव्हा नवल होतं. सायकली परदेशातून यायच्या. किंमत इतकी, की साहेब आणि श्रीमंत यांच्याशिवाय कुणाच्या आवाक्यात नसायच्या.

लक्ष्मणरावांना त्यात धंदा दिसला. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला रामूअण्णांकडं पाठवायच्या. बेळगावात छावणी होती, अधिकारी होते, त्यामुळं गिऱ्हाईक होतं. रामूअण्णा सायकली विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायला शिकवायचेही. दोघा भावांनी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी आजही आपलं जन्मवर्ष सांगते ते याच दुकानाचं, १८८८.

या सालाची एक गंमत आहे. त्याच १८८८ च्या ऑगस्टमध्ये, इथून हजारो मैलांवर जर्मनीत, बर्था बेंझ नावाच्या बाईंनी नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटारगाडी बाहेर काढली. दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोटारीनं केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो हाच.

वाटेत गाडीनं नखरे केलेच. इंधनाची नळी चोंदली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचं आवरण झिजलं, तिथं पायमोजा बांधायचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे घासले, तर वाटेतल्या एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं, ते औषधांच्या दुकानातून विकत घेतलं. म्हणजे मोटारगाडीचा लांबचा प्रवास आणि मालकानं स्वतः केलेली दुरुस्ती, या दोन गोष्टी एकाच दिवशी जन्माला आल्या.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, बेलफास्टमध्ये, जॉन डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर आदळत होती, ते दुखणं काढता काढता त्यांनी तो टायर बनवला होता.

बेळगावच्या दुकानाला या दोन घटनांची खबर असण्याचं कारण नाही. पण धागा एकच आहे. तेव्हाची यंत्रं आजच्यासारखी झाकलेली नव्हती. बिघडलेलं डोळ्यांना दिसायचं, हाताला लागायचं. ज्याला कुतूहल होतं त्याला यंत्र स्वतःच शिकवायचं.

सायकल हे तर शिकण्यासाठी फारच चांगलं यंत्र. तिच्यात चेन आहे, म्हणजे एका चक्राची ताकद दुसऱ्याला कशी द्यायची ते कळतं. हबमध्ये छर्रे आहेत, म्हणजे घर्षण कसं कमी करायचं ते कळतं. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरतं, सैल ठेवला तर हलतं. बरोबर किती आवळायचं हे पुस्तकात कितीही वाचलं तरी हातालाच समजतं. चाकाचा आऊट काढताना एक तार ताणली की दुसरीकडं काय होतं ते दिसतं. हेच धडे पुढं नांगर, पंप, इंजिन आणि मोटारगाडी सगळीकडं कामाला येतात.

हा योगायोग फक्त बेळगावचा नाही. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंनी अमेरिकेत १८९२ मध्ये सायकलींचंच दुकान काढलं होतं. हेन्री फोर्डनं १८९६ मध्ये बनवलेली पहिली गाडी सायकलीसारख्या चाकांवर धावली. जपानमध्ये होंडा कंपनी काढणारे सोइचिरो होंडा आधी एका गॅरेजमध्ये उमेदवारी करत होते. या सगळ्यांची शाळा दुरुस्तीची होती.

सुट्या भागाची अडचण

इंग्लंडातून आलेल्या सायकलीचा एखादा भाग बेळगावात मोडला तर नवा आणायचा कुठून? आगबोटीनं मागवायचा तर महिने जाणार. तोवर गिऱ्हाईक बसून राहणार. मग दुकानदारापुढं दोनच वाटा उरतात. हात वर करायचे, किंवा तो भाग स्वतः घडवून बघायचा.

दुरुस्ती करणारा माणूस कारखानदार होतो तो याच वळणावर. आधी तो यंत्र उघडायला शिकतो. मग मोडलेला भाग सांधायला शिकतो. मग तो भाग नवा बनवतो. आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं, की सगळे भाग बनवता आले तर अख्खं यंत्रच बनवता येईल.

लक्ष्मणरावांना या वाटेवर ढकलणारी आणखी एक गोष्ट मुंबईत घडली. संस्थेत बढतीची जागा निघाली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्या काळात हे नेहमीचं होतं. बहुतेक लोक मनातल्या मनात चरफडून नोकरी चालू ठेवायचे, कारण पगाराची नोकरी सोडणं म्हणजे वेडेपणा.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला भावाकडं आले. आता दोघा भावांचा पूर्ण वेळ धंद्यात गेला.

त्यांनी पवनचक्क्या विकल्या. अमेरिकेतली यंत्रविषयक मासिकं मागवून वाचली. शिकवायला कुणी मास्तर नव्हता, म्हणून लक्ष्मणरावांनी या मासिकांनाच मास्तर केलं. ड्रॉइंग वाचता येत होतं, त्यामुळं छापलेल्या चित्रावरून यंत्र समजायचं. समजलं की करून बघायचं. फसलं की पुन्हा करायचं.

त्यांनी स्वतः बनवलेली पहिली वस्तू होती कडबा कापायचं यंत्र. दुसरी होती लोखंडी नांगर.

दोन वर्षं एकही नांगर विकला गेला नाही

आज लोखंडी नांगरात काही विशेष वाटत नाही. तेव्हा शेतकऱ्याकडं लाकडी नांगर होता. तो जमीन चिरायचा, पण उलथायचा नाही. लोखंडी नांगर मातीचं ढेकूळ उचलून पालथं घालतो. खालची माती वर येते, उन्हात तापते, आणि हरळी, कुंद्यासारख्या गवतांच्या मुळ्या उघड्या पडतात. परतूर भागात असते तशी काळी भारी जमीन ज्यानं कसलीये, त्याला हरळी म्हणजे काय दुखणं आहे हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे वस्तू चांगली होती, उपयोगाची होती. तरी नांगर खपेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, जमीन नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली.

ही गोष्ट सांगताना शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेवर बोट ठेवून बरेच जण पुढं जातात. पण शेतकऱ्याच्या बाजूनंही जरा विचार करायला हवा. लाकडी नांगर गावात बनायचा. मोडला तर सुतार दुसरं लाकूड तासून द्यायचा. फाळ बोथट झाला तर लोहार पाजवून द्यायचा. त्याचा मोबदला बलुत्यात, धान्यात. म्हणजे नांगर आणि त्याची दुरुस्ती दोन्ही गावाच्या हातात होतं. लोखंडी नांगराचे भाग ओतीव. बीड कडक असतं, पण ठिसूळही असतं. दगडावर आपटून फाळ तुटला तर गावचा लोहार तो सांधणार कसा? ऐन पेरणीच्या तोंडावर नांगर पडून राहिला तर वर्ष वाया. रोख पैसे मोजून अशी वस्तू घ्यायची म्हणजे जुगारच.

आज जुनी गाडी घेताना माणूस हेच तर बघतो. गाडी किती पळते हे नंतर. आधी विचारतो, हिचे पार्ट मिळतात का? गावातला मेकॅनिक हिला हात लावतो का? यंत्र कितीही चांगलं असो, ते बिघडल्यावर नीट करता येणार नसेल तर शहाणा माणूस त्याच्या वाटेला जात नाही.

नांगराचा फाळ हा झिजणाराच भाग आहे. जसे गाडीचे ब्रेक पॅड. तो वेगळा काढता येतो, नवा बसवता येतो. त्यामुळं नांगर विकून काम संपत नाही, फाळाचा पुरवठाही करत राहावा लागतो. हळूहळू शेतकऱ्यांचा भरवसा बसला. एकानं घेतला, त्याचं शेत शेजाऱ्यानं बघितलं, मग शेजाऱ्यानं घेतला. शेतीच्या वस्तूची जाहिरात शेवटी बांधावरच होते.

बेळगावातून उठावं लागलं

धंदा मार्गाला लागतोय तोवर नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळं कारखान्याला तिथली जागा सोडावी लागली. यंत्रं आहेत, माणसं आहेत, मालाला थोडी मागणी आहे, पण पाय ठेवायला जमीन नाही, अशी अवस्था.

त्या वेळी मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रकार असलेले हे संस्थानिक. चित्रकलेच्या वाटेवरून यंत्राकडं वळलेल्या लक्ष्मणरावांना एका चित्रकार राजानं आसरा दिला. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं.

जमीन म्हणजे निव्वळ खडकाळ माळ. निवडुंग, काटे आणि साप. पाण्याची बोंब. पण जवळून रेल्वे जात होती, आणि ओतकाम करणाऱ्याला रेल्वे म्हणजे जीव. बीड आणि कोळसा आणायचा कसा आणि तयार नांगर पाठवायचे कसे, हा प्रश्न स्टेशनानं सोडवला.

१९१० च्या मार्चमध्ये तिथं वसाहत सुरू झाली. तिचं नाव पडलं किर्लोस्करवाडी. पुढं स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच झालं. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतं.

पदवी बघून नाही, हात बघून माणसं घेतली

किर्लोस्करवाडीची पहिली फळी बघितली तर गंमत वाटते. शंभूराव जांभेकर यंत्रांच्या प्रयोगांत बुडालेले. मंगेशराव रेगे हिशेब बघणारे. शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर इथं येऊन यंत्रांचे जाणकार झाले. रामूअण्णा वसाहतीची व्यवस्था पाहणारे. यातल्या बहुतेकांना कुठल्याही मोठ्या कंपनीनं दारात उभं केलं नसतं.

रात्रीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना कामावर घेतलं. ज्यांना गाव जवळ करत नव्हतं त्यांच्या हाती कारखाना आणि बायकामुलांची राखण सोपवली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. आज ही वाक्यं वाचायला सोपी वाटतात. १९१० च्या महाराष्ट्रात त्यांचा अर्थ काय होता हे वेगळं सांगायला नको.

परदेशात कॅडबरीसारख्या उद्योजकांनी कामगारांसाठी वसाहती बांधल्या होत्या, त्यांची माहिती लक्ष्मणरावांनी वाचली होती. तशीच वसाहत माळावर उभी करायचं त्यांच्या मनात होतं. मासिकात बघितलेलं यंत्र जसं करून बघायचं, तसंच वाचलेलं गावही त्यांनी करून बघितलं.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी माल यायचा थांबला, त्यामुळं देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंडही मिळेनासं झालं. गिऱ्हाईक दारात आणि भट्टीत घालायला काही नाही.

तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज पुढं आले. संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळवण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या. ज्या तोफा लढायांसाठी ओतल्या होत्या त्यांचे नांगर झाले. भंगारातून उपयोगाची वस्तू काढायची हा दुरुस्तीवाल्याचा जुना धर्म. इथं तो संस्थानाच्या पातळीवर घडला, एवढाच फरक.

युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी कंपनीचं मासिक सुरू केलं, किर्लोस्कर खबर. सुरुवातीला नांगर आणि यंत्रांची माहिती देणारं हे पत्रक पुढं किर्लोस्कर या नावानं मराठीतलं मोठं मासिक झालं.

नांगरानंतर पंप, पंपानंतर इंजिन

नांगरानं जमीन उलथली, पण पिकाला पाणी लागतं. १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. हा पंप म्हणजे कारागिरीची परीक्षाच. आतला पंखा जोरात फिरतो आणि पाणी कडेला फेकतो, त्यामुळं मधे ओढ तयार होऊन खालचं पाणी वर येतं. पंखा आणि त्याचं घर यांच्यातली फट जरा जास्त झाली की पाणी मागं फिरतं. पाइपात कुठंही हवा शिरली की पंप नुसता घुमत राहतो. ज्यानं सायकलीच्या हबमधली सैल-घट्ट ओळखली होती, त्याच्यासाठी हा त्याच धड्याचा मोठा पाठ होता.

पंप फिरवायला काहीतरी हवं. वीज गावोगावी पोचायला अजून बरीच वर्षं होती. म्हणून तेलावर चालणारी इंजिनं आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून आले होते. बापाकडं हाताची विद्या आणि मुलाकडं पुस्तकाची, असा जोड जमला. १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बेंगळुरूत विजेच्या मोटारी बनवणारी कंपनी सुरू झाली.

लेथ म्हणजे यंत्रं बनवणारं यंत्र. सुटा भाग मिळत नाही म्हणून अडलेल्या माणसाचं कुटुंब आता दुसऱ्यांना सुटे भाग बनवायचं यंत्र विकत होतं.

परतूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होतं. जालना जिल्ह्यात ते आलं १९८१ मध्ये. पुढच्या काळात मराठवाड्यातल्या विहिरींवर डिझेल इंजिनं बसली, मग विजेच्या मोटारी आल्या, आणि प्रत्येक बाजारपेठेत ती दुरुस्त करणारी दुकानं उभी राहिली. नोझल साफ करणं, रिंगा बदलणं, मोटार रिवाइंड करणं, ही कामं करणाऱ्यांच्या हातूनच पुढं मोटारसायकली, जीपगाड्या आणि ट्रॅक्टर नीट होऊ लागले.

आग आणि पुन्हा उभारणी

लक्ष्मणरावांच्या उतारवयात एक मोठा घाव बसला. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. निवडुंग उपटून अडतीस वर्षं ज्यावर कष्ट केले, ते डोळ्यांदेखत जळालं. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते.

कारखाना पुन्हा उभा राहिला. जळालेलं बाजूला काढायचं, काय वाचलं ते बघायचं आणि कामाला लागायचं.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

मग आजच्या जुन्या गाडीचं काय?

लक्ष्मणरावांची गोष्ट सांगताना शून्यातून उभं केलेलं साम्राज्य असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर सुरुवात शून्यातून झाली नव्हती. सुरुवात झाली ती उघडता येण्याजोग्या यंत्रातून. सायकलचे नट फिरवता येत होते, मासिकातली चित्रं वाचता येत होती, म्हणून ते शिकू शकले.

आजची परिस्थिती उलटी व्हायला लागली आहे. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं. बिघाड कळायला स्कॅनर लावावा लागतो. काही वस्तूंचे स्क्रूच असे असतात की साधा पेचकस बसत नाही. कंपनीबाहेरच्या माणसानं हात लावला तर वॉरंटी जाईल अशी भीती घातली जाते. यावरून जगभर दुरुस्तीच्या हक्काची मागणी सुरू आहे. भारत सरकारनंही २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं या चारही गोष्टींचा विचार आहे.

नव्या गाड्या वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. त्या कमी धूर सोडतात, कमी बिघडतात, अपघातात जास्त जीव वाचवतात. आणि प्रत्येक दुरुस्ती घरी करावी असंही नाही. ब्रेक, स्टीअरिंग आणि एअरबॅग ही कामं जाणकाराचीच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं किंवा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं, हा तर जिवाशी खेळ. पण एअर फिल्टर झाडणं, ऑइलची पातळी बघणं, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी काढणं, वायपर बदलणं, टायरमधली हवा तपासणं, एवढं कुणालाही जमतं. त्यातून पैसे वाचतात हा छोटा फायदा. आपण वापरतो ती वस्तू आपल्याला समजायला लागते, हा मोठा.

गावातली जुनी गाडी दारात उभी असते. तिच्या भोवती दोन-चार पोरं घुटमळत असतात. कुणी पाना धरतं, कुणी बॅटरीचा उजेड दाखवतं, कुणी नुसतं बघतं. मोठी माणसं त्यांना हाकलतात, हात काळे होतील म्हणून, अभ्यास बुडेल म्हणून.

त्यातल्या एखाद्याचंही शाळेत मन रमत नसेल आणि हात मात्र यंत्राकडं ओढत असतील, तर त्याला हाकलण्याआधी गुर्लहोसूरच्या त्या मुलाची आठवण ठेवायला हरकत नाही. त्याच्या मागं एक थोरला भाऊ उभा राहिला होता.